अंगठा हलवणारे आठ स्नायू

माणसाच्या हाताचा अंगठा मुख्यतः आठ स्नायू हलवतात. त्यांतले चार कोपर आणि मनगट यांच्यामधल्या भागात, म्हणजे प्रबाहूत, असतात आणि लांब कंडरांनी अंगठ्याच्या हाडांना जोडलेले असतात. उरलेले चार तळहातातच, अंगठ्याच्या बुडाशी असतात. लांबचे चार अंगठा उघडतात, मिटतात आणि त्याच्या टोकाला जोर देतात. जवळचे चार त्याला नेमक्या जागी नेतात आणि तिथे रोखून धरतात. कोणत्याही कामात या आठांपैकी एकच स्नायू राबतो असे होत नाही. काम बदलले की कोणी किती ओढायचे याची वाटणी बदलते. ऊसतोडीचा कोयता, गोठ्यातली धार, द्राक्षबागेतली कात्री, तंबोऱ्याची जवारी आणि तिरंदाजाचे धनुष्य ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली हातची कामे या वाटणीची चांगली उदाहरणे आहेत.

हाडे आणि सांधे

बोटांना प्रत्येकी तीन पेरे असतात, अंगठ्याला दोनच. पेरांच्या मागे तळहातातले मेटाकार्पल हे हाड येते आणि त्याच्या मागे मनगटातल्या आठ लहान हाडांपैकी ट्रॅपेझियम हे हाड. अशा रीतीने अंगठ्याला तीन सांधे मिळतात: टोकाचा, मधला आणि बुडाचा. टोकाचा सांधा बिजागरीच्या जातीचा असून तो फक्त वाकतो आणि सरळ होतो. मधला सांधाही बहुतांशी तेवढेच करतो. अंगठ्याचे वेगळेपण बुडाच्या सांध्यात आहे. तिथे दोन्ही हाडांचे पृष्ठभाग खोगिरासारखे आहेत, म्हणजे एका दिशेने खोलगट आणि तिच्याशी काटकोन करणाऱ्या दिशेने फुगीर. एक खोगीर दुसऱ्यावर आडवे बसवावे तशी ही हाडे एकमेकांत बसतात. त्यामुळे अंगठा दोन वेगवेगळ्या दिशांनी हलतो, आणि सांध्याभोवतीचे आवरण सैल असल्याने तो स्वतःभोवती थोडा वळतोही.

या मोकळेपणाची किंमत सांध्यालाच मोजावी लागते. चिमटीत १ किलो जोर लावला, तर स्नायूंच्या ओढीमुळे बुडाच्या सांध्यावर सुमारे १२ किलो दाब येतो, असे १९७० च्या दशकातल्या मोजमापांतून दिसले. उतारवयात हाताचे जे सांधे हमखास झिजतात त्यांत हा एक असतो, आणि स्त्रियांत ही झीज अधिक आढळते.

हात टेबलावर उताणा ठेवला की चार बोटांची नखे खाली टेबलाकडे असतात, पण अंगठ्याचे नख बाजूला पाहते. अंगठा बोटांच्या तुलनेत जवळजवळ काटकोनात फिरलेला आहे. म्हणून त्याच्या हालचालींची नावेही बोटांच्या हिशेबाने लावता येत नाहीत. उताण्या हाताचा अंगठा तळहातावरून करंगळीच्या दिशेने सरकतो तेव्हा तो वाकतो. टेबलाला धरून बाहेर फाकतो तेव्हा सरळ होतो. छताकडे उभा राहतो तेव्हा तो तळहातापासून दूर जातो, आणि तिथून परत तर्जनीच्या कडेला येऊन चिकटतो तेव्हा जवळ येतो. पाचवी हालचाल या सगळ्यांतून घडते: अंगठा आधी उभा राहतो, मग आत वळतो आणि त्याचे गुबगुबीत टोक करंगळीच्या टोकाला समोरासमोर भिडते. यालाच सन्मुख येणे म्हणतात. सुई धरण्यापासून कुलूप उघडण्यापर्यंत हाताची बहुतेक बारीक कामे हिच्यावर उभी आहेत.

प्रबाहूतले चार

हे चार स्नायू तळहातात असते, तर तळहात इतका जाड झाला असता की मूठ मिटलीच नसती. मांसल भाग वर प्रबाहूत आणि हातात फक्त दोरीसारख्या कंडरा, अशी त्यांची मांडणी आहे.

पहिला आहे अंगठा वाकवणारा लांब स्नायू, फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस. प्रबाहूत दोन हाडे असतात. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या, म्हणजे रेडियसच्या, पुढच्या अंगावर हा उगम पावतो. त्याची कंडरा मनगटाच्या बोगद्यातून तळहातात येते आणि अंगठ्याच्या टोकाच्या हाडाला बुडाशी चिकटते. टोकाचा सांधा वाकवू शकणारा हा एकमेव स्नायू आहे. बोटे वाकवणारे स्नायू चार बोटांत वाटलेले असल्याने एक बोट मुडपताना शेजारच्यालाही ओढ बसते. हा स्नायू मात्र सर्वस्वी अंगठ्याचा. चिंपांझीत असा स्वतंत्र स्नायू नसतो. त्याच्या अंगठ्याच्या टोकाला कंडरा पोहोचलीच, तर ती बोटांच्या स्नायूपासून निघालेली आणि बारीक असते. शिवाय त्याचा अंगठा बोटांच्या मानाने आखूड पडतो. दगडाचा हत्यारासारखा वापर करणाऱ्या मानवी हाताला लांब अंगठा आणि त्याच्या टोकाला स्वतःचा जोर या दोन्ही गोष्टींचा फायदा मिळाला.

उरलेले तिघे प्रबाहूच्या मागच्या अंगाला आहेत आणि तिघेही अंगठा उघडण्याचे काम करतात. अंगठा दूर नेणारा लांब स्नायू, ॲबडक्टर पॉलिसिस लाँगस, मेटाकार्पल हाडाच्या बुडाला चिकटतो आणि अंगठ्याला तळहातापासून बाहेर खेचतो. सरळ करणारा आखूड स्नायू, एक्स्टेन्सर पॉलिसिस ब्रेव्हिस, त्याच्या सोबतीने चालत पहिल्या पेराच्या हाडाला जोडला जातो. सरळ करणारा लांब स्नायू, एक्स्टेन्सर पॉलिसिस लाँगस, टोकाच्या हाडापर्यंत जातो. या तिसऱ्याची वाट वाकडी आहे. मनगटाच्या मागे रेडियसवर लिस्टरचा उंचवटा नावाचे एक लहान टेंगूळ असते. कंडरा त्याला वळसा घालते आणि तिथून तिरपी अंगठ्याकडे वळते. या वळणामुळे अंगठा सरळ होताना किंचित मागेही उचलला जातो. हात टेबलावर पालथा ठेवून फक्त अंगठा वर उचलता आला, म्हणजे ही कंडरा शाबूत आहे.

अंगठा जोराने बाहेर फाकला की मनगटाजवळ दोन कंडरांच्या रेघा उठून दिसतात आणि त्यांच्यामध्ये एक त्रिकोणी खळगा पडतो. एका कडेला वळसा घालून आलेली लांब कंडरा, दुसऱ्या कडेला उरलेल्या दोघांची जोडी. युरोपात या खळग्यात तपकिरीची चिमूट ठेवून ओढत, म्हणून शरीरशास्त्रात त्याला तपकिरीच्या डबीचे नाव मिळाले आहे. डॉक्टरांसाठी तो महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या तळाशी स्कॅफॉइड हे मनगटातले हाड आणि हाताची एक मोठी रोहिणी असते. माणूस हातावर पडला आणि या खळग्यात दाबल्यावर दुखले, तर स्कॅफॉइड मोडल्याची शंका घेतात, मग पहिल्या एक्स-रेत काही दिसो वा न दिसो.

तळहातातले चार

अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल फुगवटा असतो, त्याला हस्तसामुद्रिकात शुक्राचा उंचवटा म्हणतात. त्याला वळसा घालणारी आयुष्यरेषा ही अंगठा तळहातावर पुन्हा पुन्हा मुडपण्याच्या जागी पडलेली त्वचेची घडी आहे. उंचवट्यात तीन स्नायू एकावर एक आणि शेजारी-शेजारी रचलेले असतात, आणि चौथा त्यांच्याखाली खोल तळहातात असतो.

सर्वांत वर, कातडीला लागून, दूर नेणारा आखूड स्नायू आहे: ॲबडक्टर पॉलिसिस ब्रेव्हिस. तो अंगठ्याला तळहातासमोर उभा करतो. चिमटी जमण्याची ही पहिली पायरी असल्याने तो पातळ असूनही मोलाचा ठरतो. त्याच्याखाली सन्मुख आणणारा स्नायू, ऑपोनन्स पॉलिसिस. बाकीचे सगळे पेरांच्या हाडांना किंवा मेटाकार्पलच्या बुडाला चिकटतात, हा मात्र मेटाकार्पलच्या पूर्ण कडेला लागतो. म्हणून तो हाड नुसते ओढत नाही, तर त्याला स्वतःभोवती आत फिरवतो. तिसरा वाकवणारा आखूड स्नायू, फ्लेक्सर पॉलिसिस ब्रेव्हिस, मधला सांधा वाकवतो. याची दोन डोकी असतात, एक वरचे आणि एक खोल.

चौथा स्नायू जवळ ओढणारा, ॲडक्टर पॉलिसिस. तळहातातल्या चौघांत हा सर्वांत ताकदवान. मधल्या बोटाच्या मेटाकार्पलपासून पंख्यासारखा पसरत तो अंगठ्याच्या पहिल्या पेराच्या आतल्या कडेला येतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात चिमटीत धरता येणारे मांस काही अंशी याचे आणि काही अंशी तर्जनीला बाजूला नेणाऱ्या स्नायूचे असते. तो तर्जनीचा स्नायू या आठांत मोजत नाहीत, पण चिमटी घट्ट धरताना अंगठ्याच्या समोरून टेकू देण्याचे काम त्याचेच.

तीन मज्जातंतू

एका लहानशा अवयवाला तीन वेगवेगळे मोठे मज्जातंतू हुकूम देतात. मागच्या बाजूचे तिन्ही उघडणारे स्नायू रेडियल मज्जातंतूच्या शाखेवर चालतात. वाकवणारा लांब स्नायू, दूर नेणारा आखूड, सन्मुख आणणारा आणि वाकवणाऱ्या आखूड स्नायूचे वरचे डोके मिडियन मज्जातंतूकडे आहे. जवळ ओढणारा स्नायू आणि त्या आखूड स्नायूचे खोल डोके अल्नर मज्जातंतूकडे. आठ स्नायूंची ही वाटणी तीन, साडेतीन आणि दीड अशी पडते. वाकवणाऱ्या आखूड स्नायूची विभागणी मात्र माणसागणिक थोडी बदलते.

तिन्ही मज्जातंतू मानेतून निघतात, पण त्यांच्या वाटा वेगळ्या. रेडियल दंडाच्या हाडाला मागून वेढा घालतो, म्हणून दंड मोडला तर मनगट लुळे पडून अंगठा उघडता येईनासा होऊ शकतो. अल्नर कोपराच्या आतल्या हाडामागून जातो. कोपर कुठे आपटला की करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते ती त्याची. मिडियन मनगटाच्या बोगद्यातून येतो. त्या अरुंद जागेत त्याच्याबरोबर ९ कंडरा असतात, आठ बोटांच्या आणि एक अंगठ्याची. अंगठ्याच्या पेराच्या गुबगुबीत भागाला स्पर्शाची जाणीवही मिडियनच देतो, त्यामुळे पकड आणि पकडीची खबर एकाच वाटेने ये-जा करतात. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराची हालचाल चालवणाऱ्या पट्ट्यात अंगठ्याला त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा दिलेली आहे.

मूठ आणि चिमटी

जॉन नेपियर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये हाताच्या पकडींचे दोन गट केले: जोराची पकड आणि नेमकी पकड. वस्तूच्या आकारापेक्षा तिचे काय करायचे आहे यावर पकड ठरते, हे त्याचे मुख्य सांगणे.

कोयत्याची मूठ हे जोराच्या पकडीचे उदाहरण. चार बोटे मुठीभोवती गुंडाळली जातात आणि अंगठा वरून बोटांवर येऊन कुलूप लावतो. वाकवणारा लांब स्नायू आणि जवळ ओढणारा स्नायू इथे पूर्ण ताकदीने लागतात. कोयत्याचा घाव उसाच्या बुडख्यावर बसतो तेव्हा मूठ हातात फिरू नये, हे अंगठ्याच्या दाबावर अवलंबून असते. डाव्या हातात ऊस धरलेला असतो आणि तिथे अंगठा कांडाला पलीकडून वळसा घालतो. वाढे छाटून मोळी बांधेपर्यंत हाच क्रम दिवसभर चालतो.

धार काढण्याच्या तीन पद्धतींत अंगठ्याचे काम तीन प्रकारचे असते. पूर्ण मुठीच्या पद्धतीत सड तळहातात धरून तर्जनी आणि अंगठा वरचे तोंड बंद करतात आणि बाकीची बोटे एकेक करून दाबली जातात. इथे अंगठ्याला फक्त अडवून धरायचे असते. चिमटीच्या पद्धतीत अंगठा आणि तर्जनी सडावरून खाली सरकत जातात. लहान सडांसाठी आणि शेवटचे दूध काढण्यासाठी ती वापरतात. तिसऱ्या पद्धतीत अंगठा मुडपून त्याच्या सांध्यावर सड दाबला जातो. ती सोपी वाटते, पण सडाला इजा करते आणि अंगठ्याचा सांधाही सतत वाकलेल्या स्थितीत दाबाखाली राहतो. म्हणून पशुसंवर्धनाच्या शिकवणीत पूर्ण मुठीची पद्धतच सांगतात.

तासगाव भागात द्राक्षांच्या घडांतले जास्तीचे मणी कात्रीने काढतात. कात्री मिटवताना जवळ ओढणारा आणि वाकवणारे स्नायू लागतात, तर उघडताना मागच्या बाजूचे तिघे. स्प्रिंगची कात्री आपणहून उघडते, त्यामुळे या तिघांचा बराच भार वाचतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तोडताना जोर जवळजवळ लागतच नाही, पण तो आवरावा लागतो. देठ अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून तोडायचा आणि फळ दाबले जाऊ द्यायचे नाही. अशा वेळी त्वचेतले स्पर्शग्राहक वस्तू निसटू लागल्याची खबर क्षणार्धात देतात आणि स्नायू निसटू नये एवढ्याच दाबापेक्षा थोडासा जास्त दाब ठेवतात.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले काम नेमक्या पकडीचे. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवण्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावताना कारागीर कानशीने घोडीचा माथा अगदी थोडा थोडा घासतो आणि तार छेडून पाहतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून आवाज खुलण्याची जागा शोधतो. धागा केसभर हलवताना अंगठ्याच्या बुडाचे चारही स्नायू एकाच वेळी थोडे थोडे ताणलेले असतात. एकमेकांविरुद्ध ओढणारे स्नायू सांध्याला स्थिर धरतात, म्हणूनच टोक इतके कमी हलू शकते. वाजवतानाही अंगठा निवांत नसतो. सतारवादकाचा उजवा अंगठा वाद्यावर टेकून हाताला आधार देतो आणि मिजराब घातलेली तर्जनी तार छेडते; डावा अंगठा दांडीमागे राहून मींडीसाठी तार ओढणाऱ्या बोटांना टेकू देतो.

तिरंदाजीत अंगठ्याच्या स्नायूंना गप्प राहायला शिकवावे लागते. साताऱ्याच्या अदिती स्वामी हिने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे वयाच्या १७ व्या वर्षी कंपाउंड प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले; फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह प्रकारात खेळला. दोन्ही प्रकारांत धनुष्याचा दाब अंगठ्याच्या बुडाच्या मांसल भागावर घेतात आणि धनुष्य मुठीत आवळत नाहीत. आवळले, तर बाण सुटण्याच्या क्षणी जवळ ओढणारा स्नायू धनुष्याला किंचित फिरवतो आणि नेम चुकतो. दोरी ओढणाऱ्या हातात फरक पडतो. रिकर्व्हमध्ये दोरी तीन बोटांनी ओढली जाते आणि अंगठा तळहातात दुमडून बाजूला राहतो. कंपाउंडमध्ये दोरी सोडण्यासाठी एक लहान यंत्र वापरतात आणि त्याच्या काही प्रकारांत खटका अंगठ्याने दाबायचा असतो. आशियातल्या जुन्या अश्वारोही तिरंदाजीत उलट रीत होती. दोरी अंगठ्याच्याच आकड्यात धरून ओढत आणि अंगठ्याच्या रक्षणासाठी कडे घालत.

बिघाड

कोणती हालचाल गेली हे पाहून कुठे बिघडले ते ओळखता येते, कारण प्रत्येक स्नायूचा मार्ग आणि मज्जातंतू ठरलेला आहे.

मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला दुखणे हा एक नेहमीचा त्रास. दूर नेणारा लांब आणि सरळ करणारा आखूड या दोघांच्या कंडरा तिथे एकाच अरुंद म्यानातून जातात. म्यान जाड झाले की अंगठा हलवताना आणि पिळताना कळ येते. फ्रिट्झ द केर्व्हें या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. तान्ह्या बाळाला वारंवार काखेत हात घालून उचलणाऱ्या आयांमध्ये तो बराच आढळतो, आणि कात्री किंवा पिळण्याची कामे सतत केल्यानेही बळावू शकतो. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यावर तीव्र कळ आली, तर संशय पक्का होतो. विश्रांती, पट्टी आणि म्यानात दिलेले इंजेक्शन यांनी बहुतेकांना आराम पडतो. काहींच्या म्यानात मधला पडदा असल्याने औषध एकाच कप्प्यात राहते. अशांना म्यान उघडण्याची छोटी शस्त्रक्रिया लागते.

वाकवणाऱ्या लांब कंडरेला अंगठ्याच्या मुळाशी गाठ आली, तर अंगठा वाकलेलाच अडकतो आणि खटकन सुटतो. लिस्टरच्या उंचवट्याला वळसा घालणारी कंडरा मनगटाचे हाड साधेच चिरले असतानाही काही आठवड्यांनी घासून तुटू शकते. तेव्हा अंगठ्याचे टोक वर उचलले जात नाही. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यातल्या ढोलकऱ्यांना सतत कांडी धरल्याने हीच इजा होत असे. अशा वेळी तुटलेली टोके शिवण्यापेक्षा तर्जनीला मिळालेल्या दोन सरळ करणाऱ्या कंडरांपैकी एक अंगठ्याकडे वळवतात.

मनगटाच्या बोगद्यात मिडियन दबला की रात्री पंजाला मुंग्या येतात आणि पुढे दूर नेणारा आखूड स्नायू सुकून उंचवटा चपटा दिसू लागतो. मधुमेह, थायरॉईडची कमतरता आणि गरोदरपण यांत हा त्रास अधिक. अल्नर गेला, तर जवळ ओढणारा स्नायू निकामी होतो. त्याची परीक्षा फ्रेंच मज्जातज्ज्ञ झ्यूल फ्रोमाँ याने १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, सांगितली. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद धरायला सांगून तो ओढायचा. निरोगी माणसाचा अंगठा सरळच राहतो. अल्नर गेलेल्याच्या अंगठ्याचे टोक मुडपते, कारण मिडियनवर चालणारा लांब स्नायू त्याच्या मदतीला धावतो.

दुरुस्ती

अल्नर आणि मिडियन हे दोन्ही मज्जातंतू निकामी करणारा रोग म्हणजे कुष्ठरोग. त्याचे जंतू शरीराच्या थंड आणि कातडीजवळच्या भागांत वाढतात; कोपराजवळ अल्नर आणि मनगटाच्या वर मिडियन नेमका तिथेच असतो. दोन्ही गेले की तळहातातले चारही स्नायू सुकतात, अंगठा बोटांच्या रांगेत येऊन पडतो आणि स्पर्श नसल्याने जखमाही कळत नाहीत. रेडियल मात्र सहसा वाचतो आणि प्रबाहूतले स्नायू चालू असतात. शस्त्रक्रियेचे सूत्र यातूनच निघाले. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी चालू स्नायूंच्या कंडरा बंद स्नायूंच्या कामाला लावण्याची पद्धत कुष्ठरुग्णांच्या हातांसाठी विकसित केली. अनामिकेला वाकवणाऱ्या दोन कंडरांपैकी एक सोडवून ती तळहातातून तिरपी अंगठ्याकडे नेतात. अनामिका दुसऱ्या कंडरेवर काम भागवते आणि अंगठा पुन्हा समोर येतो. रुग्णाला सुरुवातीला अनामिका वाकवण्याचा विचार करूनच अंगठा हलवावा लागतो. सरावाने मेंदू नवी वाट शिकतो. सांगली जिल्ह्यात वैद्यकीय सेवेची परंपरा जुनी आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि कुष्ठरुग्णांसाठी तिथे रिचर्डसन रुग्णालय आहे. 

कडबाकुट्टीत किंवा कारखान्यातल्या यंत्रात अंगठा तुटला, तर तो पुन्हा जोडता येतो. पूर्ण तुटलेला अंगठा जोडण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९६५ मध्ये जपानमध्ये झाली. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. तो थेट बर्फात टाकला तर पेशी मरतात. जोडणे शक्य नसेल, तर पायाचा अंगठा किंवा दुसरे बोट हाताला लावता येते. जन्मतः अंगठा नसलेल्या बालकांत तर्जनीचे हाड आखूड करून, तिला फिरवून आणि तिचे स्नायू नव्या जागी जोडून तिचाच अंगठा बनवतात. तर्जनीला बाजूला नेणारा स्नायू मग दूर नेणाऱ्या आखूड स्नायूचे काम करतो.

अंगठा गमावल्याने किती नुकसान होते याचा हिशेब कायद्यानेही केला आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण तर्जनी गेल्यास कमाईच्या क्षमतेत १४ टक्के घट धरली होती, मधले बोट गेल्यास १२, अनामिका किंवा करंगळी गेल्यास ७. अंगठा गेल्यास ३० टक्के, आणि मेटाकार्पलसह गेल्यास ४०. मेटाकार्पलसाठी जादा १० टक्के का, हे स्नायूंच्या रचनेवरून समजते. पेरे गेली तरी ते हाड आणि त्याला लागलेले सन्मुख आणणारा व दूर नेणारा लांब हे दोन स्नायू शिल्लक असतात, आणि उरलेला खुंट तळहातासमोर येऊन वस्तू अडवू शकतो. म्हणून अपघातात चिरडलेल्या अंगठ्यावर उपचार करताना शल्यचिकित्सक त्याची जितकी लांबी वाचवता येईल तितकी वाचवतात.